‘प्लॉट होल सापडला!’ असं म्हणण्याआधी या चुका टाळा

विज्ञानपट संपतो, दिवे लागतात आणि चपला सापडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, “लॉजिकच नाही राव!” म्हणजे त्याला प्लॉट होल, कथेतली न जुळणारी फट, सापडलेली असते. गेली बारा-तेरा वर्षं आम्ही आठ-दहा जण महिन्यातल्या एका शनिवारी मैत्रिणीच्या गच्चीवर पडदा लावून विज्ञानपट बघतो. दर वेळी कुणी ना कुणी नवीन येतं आणि मला त्याचं कौतुकच वाटतं. पण तेच आरोप आणि तीच घाई बघून आता जीव कावतो. चित्रपटावर आरोप जरूर करा, पण नीट करा. त्याने स्वतःच्या तोंडाने काय कबूल केलं होतं ते आधी बघा, मग तो त्या शब्दाला जागला की नाही ते तपासा. माझी सगळी तक्रार एवढ्यावरच आहे. पुढे काही जुन्या चित्रपटांची गुपितं उघड केली आहेत, त्यामुळे ज्यांना ते बघायचे आहेत त्यांनी आधी बघून यावं.

आपण कुठली आवृत्ती पाहिली, हेच माहीत नसणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती चांगलीच अंगाशी आली, म्हणून हिच्यावर जास्त लिहिते.

‘ब्लेड रनर’ 1982 चा. त्यात ब्रायंट हा पोलीस अधिकारी चित्रपटाचा नायक डेकार्ड याला सांगतो की सहा रेप्लिकंट, म्हणजे माणसासारखे हुबेहूब बनवलेले कृत्रिम जीव, पृथ्वीवर पळून आलेत आणि त्यातला एक विजेने भाजून मेला. म्हणजे उरले पाच. पडद्यावर मात्र चारच दिसतात: रॉय, लिऑन, झोरा आणि प्रिस. मग पाचवा कुठे गेला? चाहत्यांनी यावर एक झकास उत्तर काढलं होतं, की तो पाचवा म्हणजे त्यांची शिकार करणारा डेकार्ड स्वतःच. हॉस्टेलमध्ये मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हा चित्रपट पाहिल्यापासून मला हे उत्तर तोंडपाठ होतं.

गच्चीवर तो लावायचं ठरलं त्या दिवशी मी सुरुवातीलाच अर्धा तास बोलले. पाठकोऱ्या कागदावर सहा वर्तुळं काढली, एकेक खोडत गेले आणि उरलेल्या वर्तुळात ‘डेकार्ड’ लिहून कागद सगळ्यांना फिरवला. मग चित्रपट सुरू झाला. ब्रायंटचं बोलणं झालं आणि मागच्या खुर्चीतून आमचे काका, निवृत्त शिक्षक, म्हणाले, “थांबव गं जरा. मागे घे. दोन म्हणाला तो.” मी मागे घेतलं. मेलेले दोन. पुन्हा घेतलं. तरी दोनच. सहातून दोन गेले की उरतात चार, आणि पडद्यावर चारच होते. माझ्या कागदावरचं शेवटचं वर्तुळ जागेवरच पुसलं गेलं.

झालं होतं असं, की पटकथेत मेरी नावाची आणखी एक रेप्लिकंट होती. ते पात्र गाळलं गेलं, पण संवादातला आकडा तसाच राहिला. 2007 मध्ये दिग्दर्शक रिडली स्कॉटने ‘फायनल कट’ ही नवी आवृत्ती काढली तेव्हा तो आकडा दुरुस्त केला. मी लॅपटॉपवर पाहिला होता जुना, आणि डिस्क आणली होती नव्याची. मी ज्याच्यावर इमला बांधला होता ती मुळात राहून गेलेली चूक होती.

डेकार्ड कोण आहे हा वाद यामुळे मिटत नाही. त्यासाठी 1992 च्या आवृत्तीतलं डेकार्डचं युनिकॉर्नचं, म्हणजे एकशिंगी घोड्याचं, स्वप्न आहे, त्यावर भांडता येतं आणि भांडावंही. पण 1982 मध्ये चित्रपटगृहात लागलेल्या आवृत्तीत ते स्वप्नच नाही. उलट तिथे डेकार्डचं निवेदन आहे आणि शेवटी हिरव्या डोंगरांतून केलेला मोटारीचा प्रवास आहे. एकाने ही पाहिलेली आणि दुसऱ्याने ती, असे दोघे रात्रभर भांडले तरी ते दोन वेगळ्या चित्रपटांबद्दल बोलत असतात. त्या दिवसापासून माझ्या वहीत पहिल्या ओळीवर नाव, साल आणि आवृत्ती लिहिल्याशिवाय मी पुढचं अक्षर लिहीत नाही.

याच जातीची धाकटी चूक म्हणजे हिंदी डबिंग बघून एखाद्या शब्दावर वाद घालणं. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीत बसवण्यासाठी वाक्यं कापावी लागतात. मूळ संवाद ऐका, मग बोला.

खऱ्या विज्ञानाची फूटपट्टी आधी बाहेर काढणं

‘मिस्टर इंडिया’ 1987 मध्ये आला. मनगटावरच्या यंत्राने माणूस अदृश्य कसा होतो, हे कुणी विचारलं नाही. कारण चित्रपटाने आपल्याशी एक सरळ करार केला होता: हा माणूस दिसणार नाही, पण लाल उजेडात दिसेल. लहानपणी आम्ही लाल जिलेटिनचा कागद डोळ्यांना लावून एकमेकांना शोधायचो. त्या वयातही आम्हाला नियम पुरेसा होता, भौतिकशास्त्र लागलं नाही. समजा हिरो लाल उजेडात उभा आहे आणि तरी खलनायकाला दिसत नाही, असं झालं असतं तर चाळीतल्या सगळ्या पोरांनी एका आवाजात ओरड केली असती. सुसंगती म्हणतात ती हीच.

उलट ‘इंटरस्टेलर’ (2014) बघून आलेला नवखा हटकून कृष्णविवरावरच घसरतो. ‘त्याच्या इतक्या जवळचा ग्रह फाटून जाईल, आणि तिथल्या एका तासात पृथ्वीवर सात वर्षं जाणं शक्यच नाही.’ इथे सल्लागार होते किप थॉर्न, ज्यांना 2017 चं भौतिकीचं नोबेल मिळालं. कृष्णविवर जितकं अजस्र, तितकी त्याच्या काठाजवळची ओढाताण सौम्य असते, म्हणून ग्रह टिकू शकतो. आणि ते विवर जवळजवळ कमाल वेगाने फिरतंय असं धरलं की तासाला सात वर्षांचं गणितही बसतं. या वाटेने गेलात तर तुम्हीच तोंडावर पडाल.

खरी फट दुसरीकडे आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. पृथ्वीवरून निघताना त्यांच्या छोट्या रेंजर यानाला भलंमोठं रॉकेट लागतं. तेच यान पुढे लाटांच्या त्या ग्रहावरून एकटंच उडतं, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 130 टक्के आहे असं चित्रपटच सांगतो. इंधन वाचवायला पृथ्वीवर रॉकेट वापरलं, असं स्पष्टीकरण चाहते देतात. ते पटण्यासारखं आहे, पण ते चाहत्यांचं आहे. चित्रपटाने तेवढं एक वाक्य खर्चायला हवं होतं.

‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘द लास्ट जेडाय’ (2017) मधल्या त्या धडकेचंही हेच. बंडखोरांची अधिकारी होल्डो आपलं अंतराळजहाज प्रकाशवेगाच्या उडीत शत्रूच्या जहाजावर घालते, सगळा आवाज बंद होतो आणि पडदा पांढरा पडतो. मला तो प्रसंग बघताना काटा येतो, आजही येतो. त्यावर ‘असं भौतिकदृष्ट्या होत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. त्या विश्वात भौतिकशास्त्र 1977 पासून बाजूलाच ठेवलेलं आहे. तिथे विचारायचा प्रश्न असा: हे जमत होतं तर आधीच्या भागांत डेथ स्टार या शत्रूच्या अवाढव्य तळावर हल्ला करताना एवढी माणसं कशाला मेली? एका प्रसंगाने मागच्या सगळ्या लढाया हलक्या केल्या, ही माझी त्याच्याबद्दलची खरी तक्रार आहे. 2019 च्या पुढच्या भागात कुणीतरी म्हणतं की तसं लाखात एकदाच जमतं. ते वाक्य घालावं लागलं, यावरूनच जखम किती खोल होती ते कळतं.

कालप्रवासाच्या सगळ्या चित्रपटांना एकच कायदा लावणं

‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागात (1989) म्हातारा खलनायक बिफ 2015 मधून 1955 मध्ये जातो, तरुण बिफला खेळांच्या निकालांचं पुस्तक देतो आणि परत 2015 मध्ये येतो. इतिहास बदलला, मग तो जुन्याच 2015 मध्ये कसा परतला? हा प्रश्न चांगला आहे, पण ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’चा (2019) कायदा, की भूतकाळात ढवळाढवळ केली तरी आपला वर्तमान बदलत नाही, तो त्याला लावू नका. या मालिकेने पहिल्याच भागात (1985) आपला कायदा सांगितलाय: बदल हळूहळू पोचतो. नायक मार्टीच्या फोटोतला भाऊ आधी पुसट होतो, मग बहीण, मग मार्टी स्वतः. त्या कायद्याने बिफला परतायला सवड मिळते. कालप्रवासाच्या गाडीतून उतरताना तो छाती धरून कळवळतो आणि त्याच्या काठीची मूठ तुटून आत राहते, एवढं चित्रपटात दिसतं. तो विरून जातो असा प्रसंग चित्रितही केला होता, पण कापला. तो मी बचाव म्हणून धरत नाही. जे कापलं ते चित्रपटात नाही. कळवळणं आहे, आणि मला तेवढं पुरतं.

‘टर्मिनेटर’वर मात्र आरोप टिकतो. 1984 च्या पहिल्या भागात भविष्यातून आलेला सैनिक रीसच, त्याला पाठवणाऱ्या जॉनचा बाप ठरतो, म्हणजे जे व्हायचं ते ठरलेलंच आहे. 1991 च्या दुसऱ्या भागात तेच लोक विध्वंसाचा दिवस टाळायला निघतात. मला दुसरा भाग जास्त आवडतो, तरीही कायदा बदलला हे मान्य करावंच लागतं. आणि ‘एंडगेम’मधला म्हातारा कॅप्टन अमेरिका नेमक्या कुठल्या काळरेषेत जगला, यावर लेखक आणि दिग्दर्शकांचंच एकमत नाही. तेव्हा दोन मिनिटांत निकाल लावणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

नंतरचं ठिगळ मूळ कापड समजणं

1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये तस्कर हान सोलो आपल्या यानाच्या वेगाची फुशारकी मारतो की त्याने केसल रन नावाची वाट बारा पार्सेकच्या आत पार केली. पार्सेक हे अंतराचं माप, वेळेचं नाही; सुमारे 3.26 प्रकाशवर्षं. 2018 च्या ‘सोलो’ चित्रपटात दाखवलं की त्याने धोक्याचा जवळचा रस्ता धरला होता, म्हणून अंतर कमी. ठिगळ सुबक आहे. पण ‘पहिल्यापासून तेच म्हणायचं होतं’ असं छातीठोक सांगू नका. त्या काळच्या पटकथेत सोलो थाप मारतोय आणि ती समोरच्या म्हाताऱ्या बेनला कळते, अशी सूचना आहे.

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगन या परग्रहवासीयांची कपाळं 1979 मध्ये अचानक उंचसखल झाली. मालिकेच्या 1996 च्या एका भागात वॉर्फ या क्लिंगनला त्याबद्दल विचारतात, तर तो म्हणतो की आम्ही परक्यांशी यावर बोलत नाही. याहून सुंदर उत्तर मी पाहिलेलं नाही. 2005 मध्ये रोगाचं स्पष्टीकरण आलं, ते नसतं आलं तरी चाललं असतं.

दोन लहान चुका

‘बॅक टू द फ्युचर’मध्ये दाखवल्या तशा उडत्या गाड्या 2015 मध्ये आल्या नाहीत म्हणून चित्रपट चुकला असं म्हणू नका, ते पंचांग नव्हतं.

‘शेवटाचा अर्थ दहा मिनिटांत’ असले व्हिडिओ चित्रपटाच्या आधी बघू नका. ते बघून आलेल्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्याकडे दुसऱ्याचं मत असतं आणि स्वतःचा एकही प्रसंग नसतो. दीडपट वेगाने बघणाऱ्यांचंही तेच. शांतता हाही पुरावा असतो, आणि तुम्ही नेमकी तीच पळवता.

विचित्र वागणं दिसलं की लगेच लेखकाला धरणं

‘एलियन’ (1979) मध्ये चेहऱ्याला परग्रहावरचा जीव चिकटलेल्या केनला घेऊन सहकारी यानाच्या दाराशी येतात. यानातली अधिकारी रिप्ली विलगीकरणाचा नियम सांगते आणि दार उघडायला नकार देते. विज्ञान अधिकारी अ‍ॅश आतून दार उघडतो. पहिल्यांदा बघणारा इथे हमखास वैतागतो, की शास्त्रज्ञ असून एवढा गाढवपणा? कथा पुढे सरकावी म्हणून केलंय झालं!

मागच्या पावसाळ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. मी सगळ्यांना लावलेली सवय तिलाही सांगितली: पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे पडद्यावर जे घडलं ते, उजवीकडे आपल्याला जे वाटलं ते. अ‍ॅशने दार उघडल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. तिने उजवीकडे लिहिलं, ‘स्क्रिप्टची चूक’, आणि डावीकडे फक्त, ‘दार अ‍ॅशने उघडलं’. पुढे अ‍ॅशच्या अंगातून पांढरा द्रव वाहायला लागला, तो यंत्रमानव आहे आणि तो जीव आणण्याचा कंपनीचा हुकूम त्याच्याकडे होता हे कळलं. तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी मागे पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. तिने उजवीकडची ओळ खोडली आणि डावीकडच्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.