एमक्यूएल ५ : फंक्शनला स्ट्रक्चर देताना & कुठे, कॉन्स्ट कुठे

एमक्यूएल ५ ही मेटाट्रेडर ५ या ट्रेडिंग प्रोग्रामची भाषा. सी++ शिकून तिच्याकडे वळलेले फंक्शनला स्ट्रक्चर (अनेक मूल्यांचा एकत्र गठ्ठा) देताना हमखास अडखळतात. इंट, डबल अशी साधी मूल्यं फंक्शनला प्रत म्हणून देता येतात. स्ट्रक्चर मात्र एमक्यूएल ५ मध्ये फक्त रेफरन्सने जातं, म्हणजे प्रत नाही, मूळ व्हेरिएबलच. म्हणून पॅरामीटर लिहिताना आधी स्ट्रक्चरचं नाव, मग &, मग पॅरामीटरचं नाव. & विसरलात तर कंपाइल करायला एफ ७ दाबताच कंपायलर अडवतो. फंक्शन वापरताना मात्र & लावायचं नाही, नुसतं व्हेरिएबल द्यायचं.

ही चूक स्वस्तातली. महागात पडते ती कंपायलरला न दिसणारी.

समजा, ‘सौदा’ या स्ट्रक्चरमध्ये सिम्बॉल, लॉट (सौद्याचा आकार) आणि स्टॉपलॉस (तोटा थांबवणारी किंमत) आहेत (कोडमध्ये नावं अर्थात इंग्रजी अक्षरांत). स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर) मोठा दिसला की लॉट निम्मा करणारं एक फंक्शन ऑनटिकमधून, म्हणजे भावाच्या प्रत्येक नव्या टिकला, चालतं. रेफरन्समुळे मूळ सौद्यातलाच लॉट बदलतो : ०.४० चे ०.२०, मग ०.१०, ०.०५ आणि चौथ्या टिकला ०.०२५. लॉटची पायरी ०.०१ असेल तर हा आकडा चालत नाही. सर्व्हर १००१४ (अवैध व्हॉल्यूम) हा कोड देऊन ऑर्डर नाकारतो आणि आपण ब्रोकरला बोल लावतो.

उपाय सोपा आहे. फंक्शनने फक्त वाचायचं असेल तर स्ट्रक्चरच्या नावाआधी कॉन्स्ट लिहा. मग आत कुणी लॉट बदलायला गेलं तर कोड कंपाइलच होणार नाही. नवा लॉट डबल म्हणून परत द्या. पूर्ण स्ट्रक्चरच बदलून हवं असेल तर आत स्थानिक व्हेरिएबल घ्या, = ने त्यात प्रत करा आणि त्या प्रतीत बदल करा. कॉन्स्टशिवायचा & फक्त स्ट्रक्चर भरणाऱ्या फंक्शनसाठी राखून ठेवलेला बरा.

ऑर्डर पाठवणाऱ्या ऑर्डरसेंड फंक्शनला ट्रेड रिक्वेस्ट आणि ट्रेड रिझल्ट अशी दोन स्ट्रक्चर्स लागतात. दोन्ही ={} ने शून्य करून घ्या. रिक्वेस्ट ग्लोबल ठेवली असेल तर प्रत्येक ऑर्डरआधी झीरोमेमरी (स्ट्रक्चर शून्य करणारं फंक्शन) हवंच, नाहीतर मागच्या खरेदीचा स्टॉपलॉस नव्या विक्रीला चिकटतो आणि १००१६ (अवैध स्टॉप) येतो. फिलिंगचा (ऑर्डर कशी भरायची याचा) प्रकार त्या सिम्बॉलला चालणारा नसेल तर १००३०.

ऑर्डरसेंडने ट्रू दिलं म्हणजे सौदा झाला असं नाही. स्ट्रक्चर्सची प्राथमिक तपासणी पार पडली, एवढाच त्याचा अर्थ. रिझल्टमधला रिटकोड (सर्व्हरच्या उत्तराचा कोड) वाचा. मार्केट ऑर्डर पूर्ण झाली असेल तर तिथे १०००९ दिसतो.