पहिला रिफ्लेक्टर, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप घेताय? आधी खोक्यावरचा आकडा विसरा

खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात '५२५ पट' आणि शेजारी शनीचा रंगीत फोटो दिसला की तिथनं सरळ पुढे चालू पडायचं. तो आकडा येतो कुठनं बघा, ७०० मिमी फोकल लेंथ (आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) भागिले ४ मिमीचं आयपीस (डोळा लावायचं भिंग) म्हणजे १७५, त्यावर ३ पटीची बार्लो (मॅग्निफिकेशन वाढवणारं जादा भिंग) लावली की झाले ५२५. गणित बरोबरच आहे हो, पण आरसा जेमतेम ७६ मिमीचा, आणि ढोबळ नियम असा की आरसा जितक्या मिमीचा त्याच्या दुप्पट मॅग्निफिकेशन, बास. म्हणजे दीडशेच्या वर गेलात की नुसता मोठा अंधुक डाग दिसणार.

१) आधी आरशाचा व्यास बघा. पावसात वाटी ठेवली काय आन् परात ठेवली काय, फरक पडणारच ना, तसंच हे. प्रकाश व्यासावर नाही, क्षेत्रफळावर गोळा होतो, त्यामुळे ७६ पेक्षा १३० मिमीचा आरसा जवळजवळ तिप्पट प्रकाश घेतो. ११४ पासून सुरुवात चालेल, १३० ते १५० असेल तर मस्तच. २०० चा मोह सगळ्यांनाच होतो, पण स्टँडसकट वीसेक किलो वजन रोज रात्री उचलून बाहेर न्यायची तयारी आहे का ते स्वतःलाच खरंखरं विचारा.

२) मग स्टँड, आणि इथंच बहुतेक जण फसतात. मी पण फसलो. माझा पहिला टेलिस्कोप काटकुळ्या ट्रायपॉडवर होता, फोकसच्या नॉबला नुसतं बोट लावलं की शनी असा नाचायचा की कडी आहेत का दोन शनी आहेत तेच कळेना, नाचायचा थांबेपर्यंत तो सरकून बाहेर गेलेला असायचा. त्यामुळे नवख्याला माझं सरळ मत, डॉब्सोनियन घ्या. जमिनीवर ठेवायची पेटीसारखी बैठक, नळी हातानं ढकलली की फिरते, विषय संपला. इक्वेटोरियल स्टँडमधे अक्ष ध्रुवाकडे लावा, वजनं बॅलन्स करा, हे सगळं पहिल्याच रात्री नको. छोटा टेबलटॉप डॉब घेतलात तर खाली घट्ट स्टूल लागेल एवढं लक्षात ठेवा.

३) फोकल लेंथ आणि नळीची लांबी जुळते का बघा. साध्या न्यूटोनियनमधे, म्हणजे दोन आरशांच्या नेहमीच्या रिफ्लेक्टरमधे, दोन्ही साधारण सारख्याच असतात. फोकल लेंथ १००० मिमी लिहिलीय आणि नळी अर्ध्या मीटरचीच, तर फोकसरमधे (आयपीस बसवायच्या सरकत्या नळीत) आधीच एक भिंग बसवलेलं असणार, स्वस्त मॉडेलमधे त्यानं प्रतिमा बिघडते आणि आरसे जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. नळी आखूड असेल तर आरसा पॅराबोलिक (सगळा प्रकाश एकाच बिंदूवर आणणाऱ्या आकाराचा) आहे ना तेही विचारून घ्या.

४) आयपीस दोनच पुरे, २५ आणि १० मिमी. ६५० मिमी फोकल लेंथच्या नळीवर त्यांनी २६ आणि ६५ पट मिळतं आणि ६५ ला शनीची कडी छान वेगळी दिसतात.

५) घरी आणल्यावर लगेच डोळा लावू नका, अर्धा तास बाहेर ठेवून आरसा थंड होऊ द्या. फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसाच लांबच्या खांबावर जुळवून घ्या, चित्र उलटं दिसेल, ते तसंच असतं. मग पहिला चंद्र, तोही पौर्णिमेचा नको, अष्टमीच्या आसपासचा, उजेड-अंधाराच्या रेषेवर खड्ड्यांच्या सावल्या काय दिसतात! नंतर गुरूचे चार चंद्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, तो मात्र फोटोसारखा गुलाबी नाही, करड्या धुरासारखाच दिसणार.

आणि सोबत आयपीसला लावायचा छोटा काळा सूर्याचा फिल्टर आला असेल तर तो आजच कचऱ्यात टाका. आरशानं गोळा केलेल्या उष्णतेनं तो तडकतो, आणि त्यावेळी डोळा तिथंच असतो.