बंदिशीचं पुस्तक घ्यावं की चिठ्ठीवर भागवावं?

मुलं गाण्याच्या मध्यमा परीक्षेच्या वर्गात आली की आईवडील हमखास विचारतात, "बाई, पुस्तकं कशाला वो? मोबाईलवर सगळं नोटेशन मिळतंय की." बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या क्लासला वडगाव-अनगोळची मुलं येतात, खानापूरहूनही येतात. सगळ्यांना मी एकच सांगते. चिठ्ठी हवीच, पण ती पुस्तकावरून आपल्या हातानं काढलेली हवी. घरात पुस्तकच नसेल तर चिठ्ठीवरचं बरोबर की चूक, हे ताडायचं कशावरून?

चिठ्ठी म्हणजे हार्मोनियमच्या पेटीवर राहील असा पोस्टकार्डाएवढा कागद. बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, गळ्यावर चढल्यावरच ती लिहायला घ्या. वर राग, ताल आणि लय. त्याखाली मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, कितव्या मात्रेपासून उठतो ते, मग स्थायी आणि अंतरा या बंदिशीच्या दोन भागांची पहिली ओळ, आणि जिथं तुम्ही नेहमी अडखळता ती एकच जागा स्वरांसकट. कोपऱ्यात पुस्तकाचं नाव, भाग आणि पान. बस्स, एवढंच. अख्खं नोटेशन उतरवून काढलं की डोळे कागदावरून हलत नाहीत आणि ठेक्याकडं लक्षच राहत नाही.

आता पुस्तकाचा आग्रह का धरते ते सांगते. भीमपलास रागात ग आणि नी दोन्ही कोमल, म्हणजे शुद्धापेक्षा उतरलेले. विष्णु नारायण भातखंड्यांच्या स्वरलिपीत, म्हणजे भातखंडे पद्धतीत, कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. घाईघाईत नीखालची रेघ द्यायची राहिली की नी शुद्ध झाला, आणि कोमल ग, शुद्ध नी म्हणजे तर पटदीप! एका रेघेनं राग बदलला. अशी चिठ्ठी मैत्रिणीनं उतरवून घ्यायची, तिच्या वहीचा फोटो तिसरीनं काढायचा, आणि परीक्षेला बसल्यावर परीक्षक विचारणार की भीमपलासात शुद्ध नी कुठून आला. त्या मुलीचा बिचारीचा काय दोष? तिनं चिठ्ठीवर होतं तेच गायलं.

त्याहून मोठा घोळ स्वर लिहायच्या दोन पद्धतींचा आहे, आणि आपल्या भागात तो फार, कारण घरोघरी दोन्ही पद्धतींच्या वह्या सापडतात. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांची स्वरलिपी वेगळी, भातखंड्यांची वेगळी. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर ठिपका म्हणजे तार (वरचं) सप्तक आणि खाली ठिपका म्हणजे मंद्र (खालचं). पलुसकर पद्धतीत डोक्यावरचा ठिपका मंद्राचा, तारसाठी डोक्यावर उभी रेघ. आणि भातखंडे पद्धतीत मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिसली तर तो तीव्र म! समेचंही, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचंही, तसंच. भातखंडे समेला × देतात आणि 'खाली'ला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, 0. पलुसकर समेला 1 देतात आणि खालीला +. घाईत काढलेला × जरा कलला की + दिसतो, मग समेच्या जागी 'खाली' येते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात 'भा' किंवा 'प' लिहायचंच. एका वहीत दोन्ही पद्धती मिसळू नका.

झेरॉक्सही जपून वापरा. जुन्या पानाच्या झेरॉक्सवर बारीक रेघा उडून जातात आणि कागदावरचा डाग मंद्राचा ठिपका वाटतो. फोटो काढलात तर पानाची वरची कड कापू नका, राग-ताल तिथंच छापलेला असतो.

खरेदी सावकाश करा. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग आहेत. मूळ मराठी, शिवाय हाथरसहून निघालेली हिंदी आवृत्ती. सगळा संच एकदम आणून कपाटात रचण्यापेक्षा तुमच्या यंदाच्या परीक्षेचे राग ज्या भागात आहेत तो आधी घ्या. घराण्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवावं तशा जपलेल्या बंदिशी त्या माणसानं गावोगाव हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून लिहून काढल्या, म्हणून तर आज आपल्याला त्या विकत मिळतात. विशारद परीक्षेच्या पुढं गेलात की कुमार गंधर्वांचं 'अनूपरागविलास' घ्या. कुमारजी 1924 साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. त्यांच्या बंदिशी त्यांनीच कशा लिहून ठेवल्या, हे बेळगावच्या पोरांनी बघायलाच हवं. जुनी पुस्तकं रद्दीत जाण्याआधी थोरल्या विद्यार्थ्यांच्या घरी विचारून ठेवा.

पुस्तकातही सगळं नसतं. भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराचं (ग) राज्य, देसकारात धैवताचं (ध). धैवतावर किती थांबायचं ते कुठल्याच चिन्हात मावत नाही, ते समोर बसूनच शिकावं लागतं. पण बाईंनी शिकवलेलं सहा महिन्यांनी आठवेनासं झालं तर पुस्तक निदान वाटेवर तरी आणतं.

आपल्याकडं पावसाळ्यात भिंती पाझरतात, हे विसरू नका. पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि ऊन पडलं की पानं उघडून वारं द्या. कसर लागली की आधी बारीक रेघाच जातात.

कन्नड माध्यमातली मुलं चिठ्ठी कन्नड अक्षरांत लिहितात. खुशाल लिहू दे. बंदिशीचे शब्द मात्र पुस्तकातल्या देवनागरीशी एकदा मोठ्यानं वाचून ताडायचे, आणि रेघा-ठिपके पुस्तकात आहेत तसेच ठेवायचे.

चिठ्ठीवर पानाचा आकडा लिहिताना आवृत्तीही लिहा. मराठी आणि हिंदी आवृत्तीतली पानं जुळत नाहीत, म्हणून पानाशेजारी बंदिशीचे पहिले दोन शब्द असू देत. म्हणजे पुस्तक दुसऱ्याच्या घरचं असलं तरी बंदिश लगेच सापडते.