पत्र्याच्या भिंतीवर दर्शनी सजावट करताना
कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतील पत्र्याच्या शेडला दर्शनी बाजूने दगडी रूप द्यायचे असेल, तर सजावटीचा भार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर कधीही टाकू नये. आतल्या लोखंडी सांगाड्याला ब्रॅकेट जोडून स्वतंत्र चौकट उभारावी आणि वाढीव वजन व वाऱ्याचा दाब सांगाडा पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावे. 10 मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमान 30 अंशांनी वाढल्यास सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबतो, म्हणून त्यावर थेट चिकटवलेल्या फरश्या आज ना उद्या सुटतात. सजावटीच्या मागे पाणी निथळेल अशी पोकळी ठेवावी. कोल्हापूरच्या पावसात ती बुजली, तर गंज आतून धरतो आणि फार उशिरा दिसतो. पत्र्याला पाडलेल्या प्रत्येक छिद्राला रबरी वॉशर हवाच.