मेझुझा लावण्याआधी स्क्रू मोजून घ्या

घर बदललं की आमच्याकडे सगळ्यात आधी मेझुझा, म्हणजे आम्ही ज्यू लोक दाराच्या चौकटीला डबीत घालून लावतो तो धर्मग्रंथातला लेख. पडदे, कपाटं नंतर. आता तीन घरं झाली, हात बसलाय. पण पहिल्या घरी मी चांगलीच फसले होते. नक्षीची सुंदर डबी आणली, आत गुंडाळी होतीच, दाराला लावूनही टाकली. मावशीने उघडून पाहिलं तर आत छापील कागद!

डबी ती डबीच. खरी मेझुझा म्हणजे आतलं चर्मपत्र. त्यावर सोफेरने, म्हणजे धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाने, हाताने लिहिलेल्या २२ ओळी असतात, ७१३ अक्षरं. एक अक्षर जरी तुटलं तरी ते बाद. तेव्हा पैसे घालायचे ते चर्मपत्रावर. डबी प्लास्टिकची असली तरी चालते. आणि सात वर्षांतून दोनदा सोफेरकडून तपासून घ्यायचं.

चर्मपत्राला घडी घालू नका. मजकूर आत ठेवून डावीकडून उजवीकडे गुंडाळा, म्हणजे ‘शमा’ हा पहिला शब्द सगळ्यात बाहेरच्या वेढ्यात येतो. डबीत सरकवताना वरची बाजू वर आहे ना, ते बघा.

जागा: आत शिरताना उजव्या हाताची चौकट. उंचीचे तीन भाग करा. वरचा भाग जिथे सुरू होतो तिथे लावायची. दार २१० सेंमी असेल तर जमिनीपासून १४० सेंमीवर पेन्सिलने खूण करा. सेफार्दी, म्हणजे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू, सरळ उभी लावतात. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपकडचे ज्यू, तिरकी लावतात, वरचं टोक आतल्या बाजूला. मध्ययुगातले मोठे धर्मपंडित राशी म्हणाले उभी, त्यांचे नातू रब्बेनू ताम म्हणाले आडवी. मग पुढच्यांनी तिरकी करून टाकली. आजोबा-नातवाचा वाद असा रोज दारात दिसतो, मला मजा वाटते. राहत्या खोल्यांनाही लावायची, संडास-बाथरूमला नाही.

भोकं आधीच पाडून ठेवा, कारण आशीर्वाद म्हटला की लगेच लावायची, मध्ये बोलायचं नाही. डबी खुणेवर धरून म्हणायचं: ‘बारुख अत्ता अदोनाय एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमित्झवोताव वेत्झिव्वानू लिकबोआ मेझुझा.’ दुसऱ्या घरी मी हे म्हटलं आणि स्क्रू हातातून निसटून चपलांच्या रॅकखाली गेला. मी अंगठ्याने डबी दाबून उभी, तोंड बंद, भुवयांनी खाली दाखवतेय. आमच्या ह्यांना वाटलं माझी पाठ धरली! एकाच वेळी सगळ्या दारांना लावत असाल तर मुख्य दारापासून सुरुवात करा, एकदा म्हटलेला आशीर्वाद सगळ्यांना पुरतो.

घर स्वतःचं असेल तर राहायला जाताच लावा. इस्रायलबाहेर भाड्याच्या घराला ३० दिवसांची सवलत आहे.

मग हनुक्कत हबाईत, म्हणजे वास्तूचं समर्पण. हनुक्का सणाच्या नावातला शब्द तोच. स्तोत्रसंहितेतलं ३०वं स्तोत्र वाचा, त्याच्या मथळ्यातच हे शब्द आहेत. पाव आणि मीठ घरात न्या, चार माणसांना जेवायला बोलवा. झालं.

एक राहिलंच. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्याची आठवण म्हणून दारासमोरच्या भिंतीवर हातभर लांब, हातभर रुंद चौकोन गिलावा न करता सोडायची रीत आहे. घर तयार मिळालं, म्हणून आम्ही तो खरवडून घेतला. रंगाऱ्याला नीट सांगून ठेवा. आमच्याकडे त्याने दुसऱ्या दिवशी लांबी भरून, दोन हात मारून चकाचक केला आणि वर म्हणाला, ‘ताई, एवढं राहिलं होतं.’