टेक्ससमध्ये घरच्यांसोबत कायोटीच्या शिकारीला जायचंय? जागा अशी शोधा

टेक्ससमध्ये कायोटी शोधावा लागत नाही. शहराच्या कडेच्या वसाहतींमागच्या ओढ्यातसुद्धा रात्री त्याची कोल्हेकुई ऐकू येते. शोधावी लागते ती जागा: जिथे मालकाने मनापासून हो म्हटलंय आणि जिथे सुटलेली गोळी मातीतच जाऊन थांबेल. पोरंबाळं बरोबर असतील तर ही दुसरी गोष्ट आधी बघायची.

कायोटी आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा आणि लांडग्यापेक्षा लहान असतो. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे कोल्हा मारणं गुन्हा आहे, त्यामुळे गावाकडच्या मंडळींना हे ऐकून धक्का बसतो. टेक्ससमध्ये मात्र कायोटीला बंद हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. शेळ्या आणि मेंढ्या या दोन्हींत हे राज्य अमेरिकेत पहिलं आहे, आणि करडं-कोकरं पळवणारा कायोटी पशुपालकाच्या पोटावर पाय देतो. ज्याचं खरंच नुकसान होतंय अशा माणसाच्या जमिनीवर जा. नुसती हौस म्हणून मुलांसमोर जनावर मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी कागदपत्रं

बंदूक धरणाऱ्या प्रत्येकाकडे शिकारीचा परवाना हवा. सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्ससमध्ये राहत असाल तर तो 25 डॉलरला मिळतो, 17 वर्षांखालच्या मुलांना 7 डॉलरला. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. 9 ते 16 वयाच्या मुलांनी कोर्स केला नसेल, तर परवानाधारक आणि कोर्स झालेला मोठा माणूस त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर हवा. मी तर म्हणेन, आई-बाबा आणि मुलं सगळ्यांनीच कोर्स करावा.

आपल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. एच-1बी, एच-4 किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. नेहमीचा वार्षिक परवाना 31 ऑगस्टला संपतो, तुम्ही तो कधीही घेतलेला असो. म्हणजे 1 सप्टेंबरच्या सकाळी तुमची सूटही संपलेली असते. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोचं भागत नाही, प्रत्येकाचा वेगळा लागतो. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या आणि मगच पुढे जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही केंद्रीय मनाई लागू नाही.

विचारायचं कोणाला, आणि कधी

इथली 95 टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे, म्हणून सगळं गाडं परवानगीवर येऊन ठेपतं. पश्चिमेला सॅन अँजेलोकडे आणि मध्य टेक्ससच्या डोंगराळ भागात, म्हणजे हिल कंट्रीत, शेळ्या-मेंढ्यांचे रँच आहेत, सुरुवात तिथून करा. टरबूजवाल्यांनाही विसरू नका. आपली ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण कायोटीला शब्दशः लागू पडते. पिकलेली टरबुजं फोडून खातो तो, आणि शेतकरी वैतागतो. गावातलं फीड स्टोअर म्हणजे पशुखाद्याचं दुकान ही चौकशीची सगळ्यात चांगली जागा. काउंटीच्या अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शन म्हणजे शेतीसल्ला कार्यालयातही कोणाला त्रास होतोय हे कळू शकतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विचारायला जाऊ नका. तेव्हा हरणांचा हंगाम चालू असतो, जमीन पैसे मोजून लीजवर घेतलेल्या लोकांच्या ताब्यात असते आणि मालक तुम्हाला नाहीच म्हणणार. जानेवारी सरत आला की वातावरण बदलतं. हरणवाले गेलेले असतात, शेळ्या व्यायला लागलेल्या असतात, कायोटींच्या जोड्या जमायचे दिवस असल्याने ते आवाजाला प्रतिसाद देतात आणि थंडीमुळे रॅटलस्नेकही फारसे बाहेर नसतात. कुटुंबासाठी फेब्रुवारीसारखा महिना नाही. एप्रिलनंतर बिळात पिल्लं असतात. कायद्याने तेव्हाही मुभा आहे, पण आम्ही जात नाही.

भर दुपारी, साध्या कपड्यांत जा. बंदूक घरी ठेवा, मुलांना बरोबर न्या. कोण आहोत, कुठे राहतो, किती जण येणार, गाडी कोणती, किती वाजता येऊन किती वाजता जाणार हे आधी सांगा आणि मग शिकारीचं विचारा. परवानगी लेखी घ्या. उद्या कोणाला दुखापत झाली तर, या काळजीने मालक कचरतात. करमणुकीसाठी जमीन वापरू देणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा कायदा टेक्ससमध्ये आहे, तरीही त्याने सही करायला कागद पुढे केला तर वाचून आनंदाने करा. नाही म्हणाला तर आभार मानून निघा. पहिल्यांदा मला सलग पाच ठिकाणी नकार मिळाला होता. सहाव्या ठिकाणच्या आजींनी आधी आम्हाला कुंपण दुरुस्त करायला लावलं आणि मग हो म्हटलं.

झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर तिथेच थांबा. टेक्ससमध्ये त्याचा अर्थ ‘प्रवेश बंद’, मग पाटी असो वा नसो.

जागा दिवसाउजेडी पायी फिरून बघा

उपग्रहाच्या नकाशावर घरं, रस्ते आणि हद्द बघून घ्या, पण भरवसा पायांवर ठेवा. मालकाला बरोबर यायची विनंती करा. रायफलची गोळी मैल-दोन मैल सहज जाऊ शकते आणि शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय ती हद्दीपलीकडे गेली तर तो गुन्हा आहे. म्हणून बसायची जागा अशी निवडा की समोर टेकडीचा उतार, ओढ्याची उंच दरड किंवा तळ्याचा मातीचा बांध असेल. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या रेषेत उभ्या कायोटीवर कधीच गोळी झाडायची नाही. मुलांना हे घरीच पाठ करून घ्या.

मालकाला दोन प्रश्न विचाराच. गुरं कोणत्या भागात आहेत? आणि राखणीचे कुत्रे आहेत का? शेळ्यांच्या कळपात ग्रेट पिरनीज किंवा अ‍ॅनाटोलियन जातीचे मोठे कुत्रे कायोटींना हुसकावण्यासाठी सोडलेले असतात. अंधुक उजेडात झुडपांआड काहीतरी हललं आणि चूक झाली, तर ती कशानेच भरून निघणार नाही. कुत्रे असतील तर चांगला उजेड होईपर्यंत बंदुकीला हातही लावू नका.

कायोटीचा माग पायवाटांच्या तिठ्यावर सापडतो. तिथे केस आणि मेस्किट या काटेरी झाडाच्या बिया असलेली विष्ठा दिसते.

वारा आपल्या पाठीकडून समोर वाहत नाही ना, ते बघा. सशाच्या किंकाळीचा आवाज काढला की कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वास घ्यायला वारा जिकडे वाहतो त्या बाजूने येतो. ती बाजू मोकळी, दिसेल अशी हवी. सगळ्यांनी एका ओळीत, एकमेकांना चिकटून बसायचं. बंदूक एकच, कानांवर संरक्षण सगळ्यांच्या. एका जागी पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि मुलंही तेवढाच वेळ गप्प बसतात.

सरकारी जमीन चालेल का?

चालेल, पण पहिल्या खेपेला नको. 48 डॉलरच्या वार्षिक परमिटवर जवळपास दहा लाख एकर जमीन खुली होते, ह्यूस्टनजवळचं सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वनही त्यात येतं. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, तेव्हा कायोटीला परवानगी आहे का ते नकाशाच्या पुस्तिकेत बघा. भडक केशरी टोपी आणि जाकीट घाला. राष्ट्रीय वनात घर किंवा तंबूच्या जागेपासून 150 यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. अडचण अशी की पलीकडच्या झुडपात दुसरं कोणी बसलंय का, हे तुम्हाला कळत नाही. मुलं 9 ते 17 वयाची असतील तर 1996 पासून चालणारा टेक्सस यूथ हंटिंग प्रोग्राम बघा. तिथे पालकांसह नेऊन नीट शिकवतात.

शिकार झाल्यावर

मेलेल्या कायोटीला मुलांना हात लावू देऊ नका, मोठ्यांनीही हातमोजे घालावेत. दक्षिण टेक्ससमध्ये कायोटींत रेबीज इतका पसरला होता की 1995 पासून विमानातून लशीची आमिषं टाकावी लागली. ती साथ आटोक्यात आली, पण खरूज आणि पिसवा असतातच. जनावराचं काय करायचं ते मालकाला विचारा.

फाटक आलात तेव्हा जसं होतं तसंच ठेवून निघा, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून घ्या. संध्याकाळी फोन करून काय दिसलं, कुठे दिसलं, कुंपण कुठे तुटलंय ते मालकाला सांगा. काहीच मिळालं नसेल तरी फोन कराच. त्या आजींना आमच्या शिकारीपेक्षा ओढ्याकाठच्या तुटक्या तारेची खबर जास्त कामाची वाटली होती, आणि पुढच्या फेब्रुवारीत बोलावणं त्यांच्याकडूनच आलं.