गोल्फ स्पर्धेला क्लायंट नेताय? टेबल बुक करण्याआधी या चुका टाळा

बारा खुर्च्यांचं टेबल, कडक इस्त्रीचा पांढरा कपडा, मधोमध ऑर्किड, आणि बसलेले चौघं. त्यातले दोघं आमच्याच कंपनीचे. अठराव्या ग्रीनच्या, म्हणजे शेवटच्या होलच्या खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेचं ते टेबल मीच बुक केलं होतं, तेही तीन महिने आधी. २०२४ ची इंडियन ओपन गुरुग्रामला २८ ते ३१ मार्चला होती, आणि आम्ही बोलावलं होतं ग्राहक कंपन्यांच्या फायनान्स आणि परचेसच्या प्रमुखांना. वर्षअखेरीच्या आठवड्यात! एकांनी फोनवर अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे मार्च एंड नसतो का?"

मी पुण्यातल्या एका सीएनसी मशीन बनवणाऱ्या कंपनीत ही कामं बघते. गुरुग्रामची इंडियन ओपन आणि घराजवळ येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर होणारी व्यावसायिक स्पर्धा, या दोन्ही ठिकाणी पाहुणे नेऊन झालेत. खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याच माझ्याच आहेत.

तारीख फक्त स्पर्धेची बघणं

पुढच्या वर्षी शहाणी झाले असेन असं वाटलं होतं. २०२५ ची इंडियन ओपन २७ ते ३० मार्च. अंतिम फेरीचा रविवार म्हणजे ३० मार्च, आणि त्या दिवशी गुढीपाडवा. त्याच दिवशी उत्तरेकडे चैत्र नवरात्र बसलं आणि रमजानचाही तो शेवटचा रोजा. म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांना घरची गुढी सोडून या म्हणायचं, मानेसर-फरिदाबादच्या पाहुण्यांचा उपवास, काहींचा रोजा, आणि आमच्या टेबलावर पाच पदार्थांचं जेवण आणि बार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, १६ ते १९ तारखेला. तिथं शनिवारी धनत्रयोदशी होती. त्या संध्याकाळी कुठला कारखानदार घर सोडून येईल?

यावरचा उतारा सोपा आहे: रविवारचा हट्ट सोडा. पाहुण्यांसाठी शुक्रवार मला सगळ्यात चांगला वाटतो. त्या दिवशी सगळे खेळाडू मैदानात असतात. संध्याकाळी कट लागतो आणि साधारण पहिले पासष्ट आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे जातात, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. कट वाचवायला शेवटच्या दोन होलवर धडपडणारा खेळाडू गोल्फ न कळणाऱ्यालाही कळतो. शिवाय टेबलही रविवारपेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि आपल्याकडच्या सगळ्या स्पर्धा रविवारीच संपतात असं समजू नका, वेळापत्रक बघून मगच निमंत्रण छापा.

जेवणाबद्दल केटररला "व्हेज इतके, नॉनव्हेज इतके" कळवून भागत नाही. निमंत्रणाबरोबरच विचारा: उपवास, जैन, कांदा-लसूण नको, हलाल, मद्य नको. दिल्लीकडचा उपवास आपल्यापेक्षा वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. तिथं कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या, सामकचा (आपल्या वरीसारखा) भात आणि सगळ्यात सैंधव. साधं मीठ पडलं की उपवास मोडला. आम्ही मोठ्या कौतुकानं शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी करून घेतली, आणि आचाऱ्यानं हाताच्या सवयीनं साधं मीठ टाकलं. मीठ कुठलं, हे पहिल्याच पाहुण्यानं विचारलं. खिचडी शेवटी आम्हीच खाल्ली.

टी-टाइम न बघता पाहुणे आणणं

खेळाडू किती वाजता सुरू करणार, ही यादी फेरीच्या आधी जाहीर होते. ती न बघणं ही सगळ्यात महागडी चूक. गुरुवार-शुक्रवारी तिघातिघांचे गट सकाळी आणि दुपारी अशा दोन हप्त्यांत, पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टीवरून, म्हणजे त्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, निघतात. गुरुवारी सकाळी खेळलेला खेळाडू शुक्रवारी दुपारी खेळतो. पाहुण्याला "अमुक खेळाडू दाखवतो" म्हणून साडेबाराला जेवायला बोलावलंत आणि तो खेळाडू सकाळी सातला निघालेला असेल, तर तुम्ही त्याला फार तर हॉटेलकडे निघालेल्या गाडीत दाखवाल.

उलटी चूकही होते. पाहुण्यांना सकाळी सातला अठराव्या ग्रीनच्या मांडवात आणून बसवतात. दहाव्या टीवरून सुटलेला पहिला गटदेखील तिथं पोचायला दोन तास घेतो, पहिल्या टीवरून निघालेला चारहून जास्त. तोवर समोर नुसतं गवत. मी पाहुण्यांना नऊच्या सुमारास बोलावते आणि थेट मांडवात न नेता आधी सरावाच्या रेंजवर नेते. का, ते पुढे.

पाहुण्याला गोल्फ आवडतं असं धरून चालणं

आमच्या दहा पाहुण्यांतले दोघं खेळतात, एखाद्याला खेळायला लागायचंय, आणि बाकीचे "साहेबांनी बोलावलं म्हणून" आलेले असतात. त्यांना स्टेबलफोर्डसारख्या गुण मोजायच्या पद्धती समजावत बसू नका. पार म्हणजे त्या होलला अपेक्षित फटके, एक कमी तर बर्डी, एक जास्त तर बोगी. एवढ्यावर दिवस निघतो. बाकी माणसांच्या गोष्टी सांगा. २०१५ ची इंडियन ओपन अनिर्बान लाहिरीनं प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, जिंकली, आणि त्याचा जन्म पुण्याचा. त्यात हरलेला एस. एस. पी. चौरासिया पुढची दोन्ही वर्षं जिंकला. त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनकीपर होते, म्हणजे गवत राखणाऱ्याचा मुलगा देशाची ओपन जिंकून गेला. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिक खेळला. भारतीय व्यावसायिक गोल्फ टूरचे अध्यक्ष कपिल देव आहेत म्हटलं की निम्मं टेबल सावरून बसतं. आणि दिल्लीचा कोर्स इतका अरुंद, दोन्ही बाजूंना इतकी झुडपं, की रोरी मॅकलरॉयनं २०२५ मध्ये तिथं ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, बॅगेतच ठेवला नाही. नेहमीचं सगळ्यात मोठं हत्यार घरी ठेवून लढाईला येणं कुणालाही समजतं.

कोल्हापूरकडचे एक फोर्जिंगवाले, म्हणजे धातू साच्यात न ओतता (ते कास्टिंग) तापवून ठोकून घडवणारे, गृहस्थ आमच्याकडे आले होते. साठीचे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. तासभर शांत बसले आणि मग मला म्हणाले, "ताई, जेवण झकास हाय, पण बघायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसतंच बसण्यापेक्षा म्हणून मी त्यांना रेंजवर घेऊन गेले. दोरीच्या अलीकडे, खेळाडूपासून पंधरा-वीस फुटांवर उभे राहिलो. टीव्हीवर गोल्फ मुकं वाटतं. तिथं मात्र प्रत्येक फटक्याचा भरीव आवाज छातीत येतो. पाच-सहा फटक्यांनंतर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, कंटाळले. मग म्हणाले, "हे फोर्ज केलेलं हाय. कास्टिंग असा बोलत न्हाई."

जवळच गोल्फचे क्लब, म्हणजे काठ्या, बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस उभा होता. त्यानं मान डोलावली: खेळाडूच्या हातातले आयर्न (धातूच्या पात्यासारख्या डोक्याचे क्लब) मऊ कार्बन स्टीलचे, फोर्ज केलेले. ते मऊ असतात म्हणून खेळाडूच्या उंचीप्रमाणे त्यांचा कोन वाकवून घेता येतो. मग त्या दोघांची डाय, तापमान, कडा कशा मारतात यावर अशी जुंपली की मी तिथं आहे हेही ते विसरले. चाळीस मिनिटं. मांडवातलं दुपारचं जेवण थंड झालं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तेव्हापासून निमंत्रणाच्या यादीत प्रत्येक नावापुढे मी एक रकाना वाढवला आहे: हा माणूस घरी-कारखान्यात कशात रमतो. शेती करणाऱ्याला ग्रीनचं गवत दाखवा, पंपवाल्याला पाण्याची व्यवस्था.

प्रो-ॲमला कुणालाही उतरवणं

मुख्य स्पर्धेच्या आधी, बहुधा बुधवारी, प्रो-ॲम असते. एक व्यावसायिक आणि साधारण तीन हौशी मिळून एक संघ. ही जागा सगळ्यात महाग, त्यामुळे ती "सगळ्यात मोठ्या" क्लायंटला द्यायचा मोह होतो. आम्ही तेच केलं. साहेबांनी "खेळतो की" म्हटलं होतं. ते खेळत होते ते रविवारी, रेंजवर. पहिल्या टीवर नाव पुकारलं गेलं, शंभरेक माणसं बघत होती. पहिला फटका नुसताच हवेत फिरला. दुसरा चेंडूला लागून चार फूट. तिसऱ्याला चेंडू झुडपात. कुणीच हसलं नाही, आणि त्यानं जास्तच अवघड झालं. सोबतचा व्यावसायिक जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "सर, माझ्या चेंडूवरून पुढचा मारा," आणि चालता चालता त्यांची पकड सुधारून दिली. त्या दिवशी आमची लाज त्यानं राखली, आम्ही नाही.

हँडिकॅप लेखी मागा, म्हणजे पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला. नसेल तर प्रो-ॲमची जागा देऊ नका, सकाळच्या गोल्फ क्लिनिकला, म्हणजे शिकवणीच्या वर्गाला, घाला. आणि खेळणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा: होलवर फटके फार झाले की चेंडू उचलायचा. मागचे गट ताटकळतात.

याच्याच जोडीला आणखी एक. एका परचेस हेड बाईंना आम्ही "लेडीज प्रोग्रॅम" म्हणून खरेदीच्या सहलीचं पत्रक पाठवलं होतं. त्यांचा हँडिकॅप १४ होता, आमच्या एमडींपेक्षा बराच कमी. मी स्वतः बाई असून ते पत्रक माझ्या हातून गेलं.

कपडे, बूट, फोन

कॉलरचा शर्ट, जीन्स नको, सपाट तळाचे बूट. टाचेचे बूट गवतात रुततात. मार्चअखेरीस ऊन चांगलंच असतं, टोप्या जास्तीच्या ठेवा. फोन सायलेंटवर, खेळाडू फटका मारताना हालचाल नाही, मार्शलनं, म्हणजे गर्दी सांभाळणाऱ्यानं, पाटी वर केली की बोलणंही नाही. "फोर!" अशी आरोळी आली की वर बघू नका, डोकं झाकून खाली वाका. आणि पाहुण्यासोबत मुलगा येणार असेल तर वय विचारा: मद्यासाठी हरियाणात २१, दिल्लीत २५. बावीस वर्षांच्या मुलाला गुरुग्रामला चालतं ते दिल्लीच्या कोर्सवर चालत नाही.

कायदा आणि हिशेब नंतर बघू म्हणणं

सरकारी किंवा सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीच्या अधिकाऱ्याला बोलावण्याआधी दहा वेळा विचार करा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत साधं जेवण भेट धरलं जात नाही, पण ज्या कंपनीशी कामाचा संबंध आहे तिच्याकडून भपकेबाज किंवा वारंवार पाहुणचार घेणं टाळावं असं स्पष्ट लिहिलं आहे. सार्वजनिक कंपन्यांचे स्वतःचे नियमही तसेच असतात. विमान, हॉटेल आणि गोल्फ मांडव हे साध्या जेवणात बसत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो, कंपनीसुद्धा. निविदा उघडायची असेल तर त्या काळात निमंत्रण नकोच. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना तर या फंदात पाडूच नये, २०२४ च्या नियमावलीत डॉक्टरांच्या पाहुणचाराला मनाई आहे.

खाजगी पाहुण्यांचंही गणित आहे. १ जुलै २०२२ पासून व्यवसायातल्या व्यक्तीला दिलेल्या लाभाची रक्कम वर्षात २०,००० रुपयांवर गेली तर १० टक्के टीडीएस लागतो. १९४आर या नावानं ती तरतूद सगळे ओळखतात, नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला तरी ओळख तीच राहिली आहे. विमानभाडं, दोन रात्रींचं हॉटेल आणि टेबलाचा वाटा मिळून वीस हजार कधी ओलांडले जातात ते कळत नाही. लाभ पाहुण्याच्या कंपनीच्या नावावर धरला जातो, तेव्हा पॅन आधी मागून घ्या. नंतर मागणं म्हणजे जेवून गेलेल्याकडे ताटाचे पैसे मागण्यासारखं. आणि खाण्यापिण्याच्या बिलावरचं जीएसटी क्रेडिट सहसा मिळत नाही, त्यामुळे बजेट करासकट धरा.

घोळ झालाच तर

आपलीच माणसं एका कोपऱ्यात घोळका करून बसली असतील तर त्यांना उठवा, तीन पाहुण्यांमागे एक यजमान, आणि लॅपटॉप कुणीच उघडायचा नाही. पास कमी पडले तर आपल्या माणसाचा मनगटी बँड काढून पाहुण्याला द्या आणि आपला माणूस बाहेर थांबेल. कुणी जास्त घेतली असेल तर बारमनला आधीच ठरवलेली खूण करा आणि गाडी मागवा, अडवत बसू नका. लांब भोंगा वाजला तर वीज आहे, खेळ तत्काळ थांबतो. झाडाखाली नाही, इमारतीत जायचं.

आणि परतल्यावर सोमवारी सकाळी कोटेशन पाठवू नका. आमच्या सेल्सच्या एका उत्साही मुलानं पाठवलं होतं, पाहुण्यांचं विमान पुण्याला उतरायच्या आत. मी आता फक्त धन्यवादाची ओळ आणि एक फोटो पाठवते.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना पाठवला होता रेंजवरचा. महिन्याभरानं त्यांचं उत्तर आलं, तेही फोटोच. जुन्या बाजारातून आणलेला एक आयर्न, डोकं मधोमध कापलेलं, घासून ॲसिडनं धुतलेलं, आणि त्यात पोलादाचे दोरे आकाराप्रमाणे वळलेले स्पष्ट दिसत होते. खाली लिहिलं होतं: "ताई, म्हटलं न्हवतं का, फोर्ज हाय."